शनिवारी पुसायचं सामान

वरवंड
१८ जून २००१

मावशी,

आईच्या वर्षश्राद्धाला आपण भेटलो, पण त्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. फोन करायचा तर तुमच्या निमोण्यात दुकानावर करावा लागतो, आणि चार माणसं कान देऊन उभी असताना मला जे विचारायचंय ते विचारता यायचं नाही. म्हणून हे पत्र.

विषय आमच्या अंकिताचा. साडेतीन वर्षांची झाली. तू आमचं घर पाहिलंयस. पुढे ह्यांचं पंक्चरचं दुकान, मागे आम्ही, आणि सोलापूर रोड उंबऱ्यापासून पंधरा पावलांवर. ट्रक असे जातात की भांडी वाजतात. त्यामुळे दाराला दिवसभर कडी आणि पोरगी आत. आत राहून ती काय करते, तर परवा पिठाचा डबा उपडा केला. त्याआधी माझ्या शिलाई मशीनच्या सगळ्या बॉबिनी मोरीत टाकल्या. सासूबाई म्हणतात, पोरीच्या अंगात वारं शिरलंय, दोन रट्टे द्या. मी दिले. रट्टे दिल्यावर ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते मला सहन झालं नाही.

दवाखान्यात बसले होते तेव्हा पेपरच्या पुरवणीत माँटेसरीबद्दल वाचलं. लहान मुलांना हातानं करायचं सामान दिलं की ती शांत होतात, शिकतात, असं लिहिलं होतं. हे टायर आणायला पुण्याला गेले तेव्हा त्यांना दुकानातून सामानाची यादी आणायला लावली. गुलाबी ठोकळ्यांचा एक मनोरा एका शेळीच्या किमतीला. यादी घडी घालून ठेवून दिली.

मग तुझी आठवण झाली. आई सगळ्यांना सांगायची, आमची कुशी पुण्यात माँटेसरीच्या शाळेत बाई आहे. अठरा वर्षं तू तिथे काढलीस. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार? घरच्या घरी, थोडक्यात, काही करता येईल का? तू सांगशील तसं मी करीन.

तुझी
ललिता


निमोणे
२ जुलै २००१

लली बाळा,

तुझं पत्र आलं तवा मी गोठ्यात व्हते. हात धुवून वाचलं, मग परत एकदा वाचलं. मला पत्र लिहायची सवय न्हाई, सातवीनंतर लिहिली ती किराणाची यादीच. चुकलं तर समजून घे.

पहिलं सांगते, काय सुदिक इकत आणू नको. ती यादी फाडून टाक.

एक ताट घे. त्यात दोन पितळी पेले ठेव, सारख्या उंचीचे. एकात अर्ध्यापर्यंत ज्वारी. आता अंकिताला बोलव, पर हाक मारून न्हाई, जवळ जाऊन. आधी जमिनीवर कायतरी अंथर. तुझ्या सासरी घोंगड्या असतीलच, आपल्या समाजात कुणाकडं न्हाई? एक जुनी घोंगडी कापून हातभर लांब तुकडा कर. ते तिचं कामाचं अंथरूण. तिनंच घालायचं, तिनंच गुंडाळायचं.

मग तू तिच्या उजव्या हाताला बस. समोर न्हाई. पेला उचल आन् ज्वारी दुसऱ्या पेल्यात ओत, लई सावकाश. तोंडातून शब्द काढायचा न्हाई. आपण बोलायला लागलो की पोरं आपल्या तोंडाकडं बघत्यात, हाताकडं न्हाई. ओतून झालं की खाली सांडलेला एक एक दाणा चिमटीनं उचलून परत पेल्यात टाक. तेवढं तिनं बघितलं पायजे. मग ताट तिच्याकडं सरकव आन् हात मांडीवर ठेव. हात मांडीवरून उचलायचा न्हाई हे सगळ्यात अवघड.

ती सांडंल. फेकंल सुदिक. ओरडू नको. फेकली तर ताट उचल, शांतपणे म्हण, उद्या करू. दुसऱ्या दिवशी पुन्यांदा.

आमच्या शाळेत पहिल्या महिन्यात पोरं हेच करत. मोठ्या मोठ्या घरची पोरं, आन् ज्वारी सांडत बसायची. मला मावशी म्हणायची सगळी. लई लाघवी व्हती.

ज्वारी जमली की तांदूळ, मग पाणी. पाण्याच्या येळी पेल्याला बाहेरून रंगीत दोऱ्याची खूण कर, म्हंजी कुठवर भरायचं ते तिला कळंल. शेजारी पुसायचं फडकं ठेव, तिच्या हाताएवढं. मोठं देऊ नको.

रट्टे देऊ नको.

कुशामावशी


वरवंड
५ ऑगस्ट २००१

मावशी,

पहिल्या दिवशी तिनं पेला फेकला आणि ज्वारी देव्हाऱ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. सासूबाई म्हणाल्या, अन्नाशी खेळ चाललाय. मी तुझं पत्र पदराला बांधून ठेवलं होतं, तेवढ्याच्या जोरावर गप्प राहिले. चौथ्या दिवशी मी दाणे वेचत होते तर तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः वेचायला लागली. तेवीस दाणे. मी मोजले. एकदाही मान वर केली नाही. बाहेर ट्रकचा टायर फुटला, बंदुकीसारखा आवाज झाला, तरी नाही.

आता पाणी ओतते. सकाळी उठल्या उठल्या घोंगडी ओढून आणते. परवा सासूबाईंना तांब्यातून पाणी दिलं, थेंब न सांडता. सासूबाईंनी ते पाणी उभ्या उभ्या न पिता बसून प्यायलं.

तुला मुलं मावशी म्हणायची हे वाचून बरं वाटलं. आमच्या शाळेतल्या बाईंची आम्हाला भीतीच वाटायची. तू कशी शिकवत असशील ते मला डोळ्यांसमोर दिसतं.

आता पुढे काय? अक्षरांचं कसं करायचं? तो मनोरा करायचाच ठरवला तर सुतारानं जमेल का? आणि तो गुलाबीच का असतो?

हनुमंतदादाचा रुद्र आता तीनचा झाला ना? त्याला तू काय काय शिकवलंस ते पण लिही. घरात आजीच माँटेसरीची म्हणजे त्याची मजा आहे.

तुझी
ललिता


निमोणे
२८ ऑगस्ट २००१

लली,

तेवीस दाण्यांचं वाचून मला कामच सुचंना. आमची सून मोनिका म्हणाली, आत्या, कुणाचं पत्र? म्हणलं, ललीचं, बरी हाय.

मनोरा गुलाबी का असतो ते मला ठाऊक न्हाई. मी कवा इचारलं न्हाई. एवढं माहीत हाय की दहाच्या दहा ठोकळे एकाच रंगाचे पायजेत, म्हंजी फरक फक्त लहान-मोठ्याचा राहतो. तू कंचाबी दे. सगळ्यात लहान एक सेंटीमीटर, मग दोन, मग तीन, असं दहापर्यंत, सगळ्या बाजू सारख्या. सुताराला म्हण उरलेल्या लाकडाचे कर, पर माप चुकवू नको. पोरगी ते दोन्ही हातांनी धरून एक एक करून आणंल. लहान ठोकळासुदिक दोन बोटांनी. सगळे कवेत भरून आणू देऊ नको. आन् सगळ्यात लहानावर लक्ष ठेव, तोच हरवतो. कपाटाखाली, सतरंजीखाली, पोरांच्या खिशात. मी कितींदा शोधलाय.

अक्षरांना पॉलिश पेपर आण, सुताराकडं मिळतो, बारीक दाण्याचा. अक्षर उलट्या बाजूनं काढून काप आन् जाड पुठ्ठ्यावर चिकटव. तिची दोन बोटं अक्षरावरनं फिरवायची, जसं आपण लिहितो त्याच वाटेनं. आन् म्हणायचं, ‘हा म.’ असे तीन घे, एका येळी तीनच. मग इचार, ‘म कुठाय?’ तिनं बोट ठेवलं की झालं. लई दिवसांनी, अक्षरावर बोट ठेवून इचार, ‘हे काय?’ ती चुकली तर चुकलीस म्हणू नको. उचलून ठेव. चूक तिची न्हाई, आपण घाई केली.

फोटो स्टुडिओत फिल्मच्या काळ्या डब्या फेकून देत्यात. त्या माग. दोन दोन डब्यांत सारखं भर, दोनात वाळू, दोनात मूग, दोनात खडे. हलवून जोड्या लावायच्या. शिंप्याकडनं रिकामे रीळ आण, सारख्या रंगाचा दोरा दोघांवर गुंडाळ, रंगांच्या जोड्या झाल्या. जुन्या झंपराची बटणपट्टी दोन लाकडांवर ठोक, बटण लावायला शिकंल.

रुद्र मजेत हाय. त्याला अजून येळ हाय.

कुशामावशी


वरवंड
२२ नोव्हेंबर २००१

मावशी,

दिवाळी झाली. सुतारानं ठोकळे केले, त्यातला सहावा आणि सातवा जवळजवळ सारखाच. मला दिसलं नव्हतं. अंकिता ते दोन घेऊन माझ्याकडे आली, एकावर एक ठेवले आणि नुसती बघत राहिली. मी जाऊन सहावा परत घासून आणला.

आता मोठी बातमी. ओट्यावर आम्ही दोघी बसायचो तर शेजारची पोरं येऊन बघायला लागली. आता सात जण येतात. माझ्याकडे घोंगडीचे सात तुकडे आहेत. सासूबाईंनी स्वतः कापून दिले. रस्त्याच्या बाजूला ह्यांनी जुन्या टायरचा कठडा लावून दिला.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा चांगुणाताई एक दिवस बघून गेल्या. मंडळाला समाजमंदिरात बालवर्ग काढायचाय, त्यांना जाणती बाई हवी, पगार आहे, राहायला खोलीही देतील. मी पटकन सांगून टाकलं की माझी मावशी अठरा वर्षं पुण्याच्या माँटेसरीत शिकवत होती, हे सगळं तिनंच मला पत्रातून शिकवलं. मंडळाच्या बैठकीत मी तुझी पत्रं वाचून दाखवली. सगळ्या बायका कान देऊन ऐकत होत्या. चांगुणाताई म्हणाल्या, ‘ह्या बाईंना बोलवाच. फक्त शाळेचा दाखला लागंल, पंचायतीत दाखवायला.’

मावशी, तू इथे येशील. रोज भेटशील. हनुमंतदादाला मी विचारते हवं तर. दाखला लवकर पाठव.

तुझी
ललिता


निमोणे
१० डिसेंबर २००१

ललिता,

दाखला न्हाई. ट्रंकेत व्हता, उंदरांनी कुरतडला. आता माझं वय झालं, मला तिकडं यायला जमायचं न्हाई. मंडळाला सांग, दुसरी बघा. तू चांगलं चालवतीयस, तूच कर.

इकडं थंडी लई हाय.

कुशामावशी


वरवंड
१६ जानेवारी २००२

मावशी,

दहा तारखेला पुण्याला गेले होते. तुझ्या दाखल्याची नक्कल मिळेल म्हणून शाळेत जाऊन आले.

अंकिता बरी आहे. सगळं ठीक.

ललिता


निमोणे
४ फेब्रुवारी २००२

लली,

तुझ्या चार ओळी आल्या, त्याला दोन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आन् उठते. आज लिहितेच.

तुला कळलंय. तरी माझ्या हातानं लिहिते. मी शाळेत बाई व्हते ती झाडायची, पुसायची, पोरांना संडासला न्यायची बाई. तुझे काका रखमाजी त्या शाळेचे वॉचमन, त्यांनीच मला लावलं. शाळेच्या मागं पत्र्याची खोली व्हती, तिथं आम्ही राहिलो. अशा बाईला तिथं मावशीच म्हणत्यात. तुझी आई सांगायची, कुशी शाळेत बाई हाय. ती खोटं बोलत नव्हती. तू तुला पायजे तसं समजलीस आन् मी समजू दिलं. पहिल्या पत्रातच लिहायला पायजे व्हतं. लिहिलं न्हाई, कारण तू इचारलंस. मला कवा कुणी काय इचारलं न्हाई, लली. तू इचारलंस आन् मला सगळं येत व्हतं.

मी ते कसं शिकले सांगते. दर शनवारी शाळा सुटल्यावर सगळं सामान पुसायचं काम माझं. एक एक मणी, एक एक ठोकळा, फडक्यानं पुसून मोजून फळीवर. एक कमी आला तर बाई मला इचारायच्या. अठरा वर्षं. आन् रोज व्हरांडा पुसताना खिडकीतनं बाई पोरांना दाखवताना दिसायच्या. मी तेवढी फरशी तीन तीनदा पुसायची. ‘हा म. म कुठाय? हे काय?’ हे मी बादलीजवळ बसून ऐकलंय. बाई चांगल्या व्हत्या, कुणी वाईट वागलं न्हाई. पर मी कंच्याबी पोराच्या शेजारी बसून कवा दाखवलं न्हाई. ते माझं काम नव्हतं.

आणखी एक सांगते, ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. हनुमंत पाच वर्षांचा व्हता, आमच्याजवळ त्या खोलीत राहायचा. एका शनवारी मी पुसत व्हते, तो मागनं आला. दट्ट्यांची पेटी म्हणून असती, लाकडात दहा भोकं आन् त्यात बसणारे दहा दट्टे, एकापेक्षा एक जाड. हा खाली बसला, दहाच्या दहा काढले आन् बसवायला लागला. कुणी दाखवलं नव्हतं. सात-आठ बसवले असतील. एक घरंगळून कपाटाखाली गेला. मला धसका बसला, हरवला तर काय सांगू. मी त्याच्या हातावर फाडकन मारलं. आठवडाभर मी बघत व्हते, दुसऱ्यांची पोरं सांडत्यात, पाडत्यात, कुणी हात उगारत न्हाई. आन् माझ्या पोराला मी मारलं. जूनमधी त्याला इकडं आजी-आजोबांजवळ शाळेत घातला. तो परत त्या शाळेत आला न्हाई, आन् माझ्याजवळ पण धड आला न्हाई. आता रांजणगावला कंपनीत हाय, घर बघतो, औषध आणतो, बोलत न्हाई.

तू रुद्रचं इचारत व्हतीस. मी त्याला काय बी दाखवत न्हाई. ह्या घरात सगळ्यांना ठाऊक हाय मी कोण व्हते, म्हणून मी गप राहते. तू लांब व्हतीस, तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला सांगता आलं.

मंडळात तुझी मान खाली गेली असंल. माझ्यामुळं झालं. पत्रं फाडून टाक. पर पोरांचं सामान टाकू नको, त्यात खोटं काय न्हाई.

कुशा


वरवंड
१९ फेब्रुवारी २००२

मावशी,

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, पण आतलं सगळं होतं.

आता माझं ऐक. शाळेत मला एक वयस्कर बाई भेटल्या. मी म्हटलं, कुशाबाई शिक्षिका होत्या ना इथे? त्या म्हणाल्या, ‘कुशामावशी? त्या आमच्या कामाच्या मावशी. फार स्वच्छ हात.’ मी ‘हो हो’ म्हणत उठले. त्यांनी चहा मागवला होता तोही घेतला नाही. येताना एसटीत रडले. मला लाज वाटली, मावशी. तुझी नाही, असं मला लिहायचं होतं, पण ते खरं नाही. तुझीच वाटली. मी ज्या बायकांपुढे तुझं नाव घेऊन मिरवलं त्यांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती. चांगुणाताईंना मी शाळा बंद होती म्हणून सांगितलं. आणि तुला त्या चार ओळी लिहिल्या. मुद्दाम तशा लिहिल्या.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस गेले. मग मंडळाची बैठक होती तिथे उभं राहून सांगितलं. माझी मावशी शाळेत झाडायची, तिथलं सामान पुसायची, आणि खिडकीतून बघून तिला जे आलं ते तिनं मला शिकवलं. मागून कुणीतरी हसलं. चांगुणाताई म्हणाल्या, ‘ललिता, आधी सांगायचं होतंस. पंचायतीत आम्ही काय दाखवू?’ त्यांचंही चूक नाही. बालवर्गाला त्यांनी दौंडची एक कोर्स केलेली मुलगी घेतली आहे. एक तारखेपासून समाजमंदिरात सुरू होतोय.

मला वाटलं, आता माझ्या ओट्यावर कुणी येणार नाही. काल सोमवारी तिघं आली. आज पाच. पाचव्याची आई पुढच्या गल्लीतली, वीटभट्टीवर कामाला जाते. मी तिला म्हटलं, समाजमंदिरात आता शाळा होतेय, तिथे घाला. ती म्हणाली, ‘तुमची मावशी कोण का असंना. माझं पोर आता हातानं जेवतंय आन् ताट उचलून ठेवतंय. मी इथंच आणणार.’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘मग काय तर.’

पत्रं मी फाडणार नाही. मुलं वाढली की मला पुढचं लागेल, आकड्यांचं, मण्यांचं. तुला ते सगळं माहीत आहे.

आणि एक विचारते. हनुमंतदादाला तू कधी हे बोललीस का? मला वाटतं बोलावंस. मला चार ओळी लिहून मी काय मिळवलं ते मला कळलंय.

माझ्या चार ओळींबद्दल माफ कर.

तुझी
ललिता


निमोणे
२७ मार्च २००२

लली बाळा,

तुला उत्तर द्यायला महिना लागला, कारण इकडं बरंच घडलं. बसून वाच.

पाकीट चिकटलेलं नव्हतं लिहिलंस ना. ते हनुमंतानं वाचलेलं. मी त्याला पोस्टात टाक म्हणून दिलं व्हतं. त्यानं ते खिशात ठेवलं, कंपनीत जेवायच्या सुट्टीत वाचलं आन् शिरूरला जाऊन टाकलं. मला काय बोलला न्हाई. तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं, आता बोलायचं. चार दिवस त्यातच गेले. मी तूर निवडत बसले व्हते, तो पहिल्या शिफ्टवरनं आला, हात-पाय धुतले आन् माझ्यासमोर येऊन बसला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ‘आई, मी तुझं पत्र वाचलं.’

माझे हात सुपातच राहिले.

म्हणाला, ‘तू मारलेलं मला आठवत न्हाई.’

मी म्हणलं, ‘तुला आठवत नसंल, मला आठवतंय.’

‘मला खरंच आठवत न्हाई,’ म्हणाला. ‘मला आठवतं ते तू रविवारी यायचीस ते. सकाळच्या गाडीनं यायचीस आन् संध्याकाळच्या गाडीनं जायचीस. तू आलीस की मी मेंढरांच्या वाड्यामागं जाऊन बसायचो. आज्जी म्हणायची, तुझी आई आली, जा की. मी म्हणायचो, जाणारच हाय ती.’

लली, तेवीस वर्षं मी त्या एका फटक्याला धरून बसले व्हते आन् त्याच्या मनात ते कुठंच नव्हतं. मला वाटायचं तो माझ्यावर रुसून वाड्यामागं जातो. मी त्याच्यासाठी आणलेला खाऊ आज्जीजवळ ठेवून गाडी धरायची.

मी म्हणलं, ‘मग आता?’ तो म्हणाला, ‘आता कुठं जातीस? इथंच हायस.’ आन् उठून चहा मागितला. एवढंच बोलणं झालं. आमच्यात एवढं बोलणं म्हंजी लई.

मग परवा, पंचवीस तारखेला, त्यानं एक पिशवी आणली. त्याच्या कंपनीत लेथवर नायलॉनचे रॉड कापत्यात, त्याचे उरलेले तुकडे साहेबांना इचारून, गेटवर पास करून घेतलेले. त्यातनं त्यानं दहा दट्टे केलेत. एकापेक्षा एक बारीक, वरती धरायला बोंड. भोकं पाडलेलं लाकूड आपल्या गावच्या सुताराकडनं करून घेतलं. माप त्यानं माझ्याकडनं कवा घेतलं न्हाई, पत्रात वाचलं तेवढ्यावर केलं. मी एक एक हातात घेऊन बघितला. शाळेतल्यापेक्षा गुळगुळीत हायेत.

मोनिका म्हणाली, ‘हे काय हो?’ हनुमंत म्हणाला, ‘आईला इचार.’

मोनिका माझ्याकडं बघायला लागली. ती चांगली पोरगी हाय, मीच तिच्याशी कवा मोकळी बोलले न्हाई. मी घोंगडी अंथरली. रुद्रला आणलं. त्याच्या उजव्या हाताला बसले. एक दट्टा काढला, सावकाश, तीन बोटांत धरून, आन् घोंगडीवर ठेवला. मग दुसरा. दहा काढले, दहा परत बसवले. मोनिका दाराला टेकून बघत व्हती.

रुद्रनं चार काढले, दोन भलत्याच भोकांत घातले. बसेनात. मोनिकाचा हात पुढं आला. मी तिचं मनगट धरलं आन् नुसती मान हलवली. ती थांबली. रुद्रनं एक काढला, दुसरीकडं लावून बघितला, बसला. त्याला एवढा आनंद झाला की बाकीचे तसेच टाकून शेरडाच्या पिल्लामागं अंगणात पळाला. तीन वर्षांचं पोर ते, एवढं बसलं हेच लई.

मोनिका म्हणाली, ‘आत्या, उद्या मला आधी दाखवा. मग मी त्याला घेऊन बसंल.’ मी हो म्हणलं.

मी सामान आवरायला वाकले तर हनुमंत आडवा आला. म्हणाला, ‘राहू दे.’ दुसरी शिफ्ट व्हती त्याची, जेवून कपडे घालून तयार व्हता. घोंगडीवर मांडी घालून बसला, सगळे दट्टे पेटीतनं बाहेर काढले, मिसळले, आन् एक एक करून लावायला लागला. स्वतः केलेले असून दोनदा चुकला. मी तिथंच व्हते, त्याच्या उजव्या हाताला. हात मांडीवर ठेवले व्हते.

मोनिकानं बाहेरनं आवाज दिला, ‘अहो, कंपनीची गाडी फाट्यावर थांबायची न्हाई.’

त्यानं मान वर केली न्हाई. म्हणाला, ‘एवढं होऊ दे.’

कुशामावशी